कोणाच्या हातची भाकर

‘देव पुरवील.’ मराठी ख्रिस्ती घरात वाढलेल्या कोणालाही हे दोन शब्द नवे नाहीत. कॉलेजची फी भरायची असते, कुणाचं ऑपरेशन ठरलेलं असतं, कंत्राट संपून नोकरी गेलेली असते, आणि घरातलं कुणीतरी वडीलधारं माणूस शांतपणे एवढंच म्हणतं. यातला ‘पुरवील’ हा शब्द मला नेहमी विचित्र वाटत आला आहे. तारील, सांभाळील, वाचवील हे शब्द देवाला शोभतात. ‘पुरवठा’ मात्र रेशनच्या दुकानाच्या पाटीवर असतो. त्यात पीठ, तेल, रॉकेल, रांग आणि कार्ड असं सगळं येतं. मला वाटतं, या श्रद्धेची ताकद त्या दुकानी शब्दातच आहे, आणि तिच्यातली अडचणही.

आता हेच शब्द फोनवर येतात. सुटातले उपदेशक मोठ्या पडद्यापुढे उभे राहून सांगतात की या महिन्यात दुप्पट मिळेल. फक्त विश्वासानं पेरा, आणि पेरण्यासाठी खाली क्यूआर कोड आहेच. कमेंटमध्ये हजारो ‘आमेन’ पडलेले असतात. या व्हिडिओंची टिंगल करणं सोपं आहे. पण ते ‘आमेन’ लिहिणारे लोक मला ठाऊक आहेत. ईएमआय थकलेले, परीक्षेच्या तिसऱ्या प्रयत्नाला बसलेले, आईच्या औषधांची बिलं फोनच्या गॅलरीत साठवून ठेवणारे. त्यांचा प्रश्न खरा आहे. म्हणून मला हे व्हिडिओ बाजूला ठेवून, याच विषयावर मराठी ख्रिस्ती लेखनात आधी काय लिहिलं गेलंय ते वाचायचं आहे. मुख्यतः दोन पुस्तकं: पंडिता रमाबाईंची ‘साक्ष’ आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. दोन्ही पुस्तकांना मी एकच प्रश्न विचारणार आहे. देव पुरवतो म्हणता, तर ते कोणाच्या हातून येतं? आणि त्या हातातून घेताना घेणाऱ्याचं काय होतं?

हा प्रश्न माझ्यासाठी अभ्यासापुरता नाही. माझी पणजी नगर जिल्ह्यातल्या एका गावातून, दुष्काळाच्या दिवसांत मिशनच्या आश्रयाला आली. एवढंच घरात सांगतात, त्यापुढे कोणी सांगत नाही. शाळेत एका मुलानं मला ‘तुम्ही पोटासाठी बाटलेले’ असं म्हटलं होतं, तेव्हा मी त्या वाक्याचा अर्थ विचारायला घरी गेले आणि सगळे गप्प झाले. आमच्यासारख्या कुटुंबांना आपल्याच गोष्टीतल्या भाकरीची लाज वाटते. आमचे पूर्वज प्रेमासाठी, सत्यासाठी, शिक्षणासाठी आले असं सांगायला आवडतं. भुकेसाठी आले असं म्हणायला जीभ रेटत नाही.

कावळा आणि परकी विधवा

सुरुवात मूळ गोष्टीपासून करते, कारण दोन्ही लेखिकांच्या मागे ती उभी आहे. बायबलमध्ये राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात एलीया संदेष्ट्याची कथा येते. देशात अवर्षण पडलंय. एलीया एका ओहोळाकाठी लपलेला आहे आणि कावळे त्याला सकाळ-संध्याकाळ अन्न आणून देतात. ओहोळ आटल्यावर देव त्याला सीदोनकडच्या सारफथ गावी एका विधवेकडे पाठवतो. तिच्याकडे मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडं तेल उरलेलं आहे. ती काटक्या गोळा करतेय, मुलासाठी आणि स्वतःसाठी शेवटचं जेवण रांधायला. एलीया तिच्याकडे आधी स्वतःसाठी भाकर मागतो. ती देते. पुढे दुष्काळ संपेपर्यंत पीठ सरत नाही आणि तेल आटत नाही.

संडेस्कूलमध्ये ही गोष्ट चमत्काराची म्हणून शिकवतात. मोठेपणी वाचताना दोन गोष्टी लक्षात येतात. एक, मडकं कधीच काठोकाठ भरत नाही. कथेत कुठेही पिठाची रास लागत नाही. दररोज तळाशी तेवढंच असतं आणि दररोज पुरतं. आपण ‘विपुल’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे कोठार येतं. या कथेत विपुलतेचा अर्थ इतकाच की संपलं नाही. वाळवंटातल्या मान्नाच्या कथेतही तेच आहे. रोज सकाळी वेचायचं, त्या दिवसापुरतं. उद्यासाठी ठेवलेल्यात किडे पडतात, फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट वेचायची मुभा.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मोशेच्या नियमशास्त्रात अशुद्ध पक्ष्यांच्या यादीत कावळा आहे. सीदोन हा परक्यांचा, दुसऱ्या देवाला भजणाऱ्यांचा मुलूख. म्हणजे देवाचा संदेष्टा जगतो तो आधी विटाळलेल्या चोचीतून आलेल्या अन्नावर, मग एका परक्या, परधर्मीय, कफल्लक बाईच्या हातच्या भाकरीवर. लूकच्या शुभवर्तमानात येशू नासरेथच्या सभास्थानात या विधवेची आठवण करून देतो, तेव्हा गावकरी खवळतात आणि त्याला कड्यावरून ढकलायला नेतात. त्यांना चमत्काराचा राग आलेला नाही. त्यांना राग आलाय तो हाताचा.

महाराष्ट्रात ही कथा वाचणाऱ्याला वेगळी टीप लागत नाही. कोणाच्या हातचं पाणी चालतं आणि कोणाच्या हातचं चालत नाही, यावर इथे शतकानुशतकं समाज उभा राहिला. इथे देव देईल असं म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: कोणाच्या हातून दिलं तर घेशील?

ब्रिस्टलचा हिशेब

रमाबाईंकडे जाण्याआधी एक वळण घ्यायला हवं, कारण त्या स्वतः या माणसाचं चरित्र वाचून हलल्या होत्या. जॉर्ज म्युलर हा प्रशियात जन्मलेला, इंग्लंडात ब्रिस्टलला स्थायिक झालेला धर्मोपदेशक. १८३६ मध्ये त्यानं तिथे अनाथ मुलांसाठी घर उघडलं. नियम असा की कर्ज काढायचं नाही, कुणा माणसाकडे पैसे मागायचे नाहीत, फक्त प्रार्थना करायची. १८७० पर्यंत ॲशली डाउन इथे पाच मोठ्या इमारती उभ्या राहिल्या आणि तिथे दोन हजारांहून जास्त मुलांची सोय झाली.

म्युलरनं आपल्या अनुभवांचं कथन १८३७ पासून भागाभागांनी छापलं. भक्तीचं पुस्तक म्हणून ते उघडलं की हाती लागते जवळजवळ खतावणी. अमक्या तारखेला सकाळी तिजोरीत काही नव्हतं, दुपारी इतके शिलिंग आले. देणाऱ्याचं नाव नाही, आकडा मात्र आहे. छोट्यातल्या छोट्या देणगीची नोंद आहे.

या पुस्तकात एक विसंगती आहे. म्युलर माणसांकडे मागत नव्हता हे खरं. पण मागत नसल्याचं तो छापत होता, आणि वाचणारे पैसे पाठवत होते. म्हणजे पुस्तक हाच त्या पुरवठ्याचा एक रस्ता होता. काही टीकाकार इथे थांबून म्हणतात, पाहा, चमत्कार वगैरे काही नाही. मला ते उतावीळ वाटतं. देणारा हात लपवण्याचा एक फायदा म्युलरला कळलेला दिसतो. ज्या मुलाला आपल्या जेवणाचे पैसे कोणी दिले हे ठाऊक नसतं, ते मूल कोणाचं मिंधं होत नाही. व्हिक्टोरियन इंग्लंडमधल्या दानशूरांना आपल्या नावाची पाटी आणि गरिबाची मान खाली, दोन्ही हवं असे. म्युलरच्या खतावणीत पाटीला जागा नाही.

‘मिंधा’ हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. उपकाराखाली दबलेला, तोंड उघडू न शकणारा, असा अर्थ आपण या एका शब्दात भरतो. रमाबाई आणि लक्ष्मीबाई दोघींच्या लेखनात खरी झुंज याच्याशी आहे.

पुराणिकाची मुलगी

रमाबाईंची साक्ष १९०७ मध्ये केडगावच्या मुक्ती छापखान्यातून इंग्रजीत आली. इंग्रजी नावाचा सरळ अर्थ ‘आमच्या अक्षय ठेव्याची साक्ष’. अक्षय म्हटलं की मराठी वाचकाला द्रौपदीची थाळी आठवते, आणि रमाबाईंच्या बाबतीत ते साजेसंच आहे, कारण त्या पुराणांच्या आवाजात वाढल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं, मुलीलाही शिकवू दिलं, आणि पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं वाचत भारतभर फिरत राहिलं.

या जगण्याचं रमाबाई जे वर्णन करतात ते नीट वाचा. पुराणिक देवळात किंवा नदीकाठी बसतो आणि पोथी वाचतो. तो मागत नाही. ऐकणारे येतात, पोथीपुढे फळं, वस्त्र, पैसा ठेवतात. त्यावर घर चालतं. आता म्युलर आठवा. न मागता, शब्द वाचून दाखवत, येईल त्यावर जगणं. म्युलरचं चरित्र वाचून असं काही भारतात घडू शकेल का असा विचार रमाबाईंच्या मनात आला. माझं वाचन असं आहे की त्यांच्या हाडात ते आधीपासून होतं. ब्रिस्टलच्या माणसानं त्यांना नवी पद्धत दिली नाही, ओळखीची पद्धत परत दिली.

पण त्या पद्धतीनं आधी त्यांच्या घराचा घात केला होता. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतरानं गेले. रमाबाई लिहितात की शास्त्रात सांगितलेलं सगळं त्यांनी केलं होतं. होतं नव्हतं ते दान केलं, उपास केले, अनुष्ठानं केली, देव पावेल म्हणून वाट पाहिली. अन्न संपल्यावर कुटुंब रानात गेलं आणि पाल्यावर दिवस काढले. त्यातलं सर्वांत कडू वाक्य त्यांनी देवांवर रोखलेलं नाही. दुष्काळाविषयीच्या लेखनात त्या सांगतात की आम्हाला भीक मागायचा अभिमान आडवा येत होता आणि अंगमेहनत करायचाही. उच्च जातीच्या विद्वान घरात पोट भरण्याचं कोणतंही हातकाम कुणी शिकलंच नव्हतं.

पुढे रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास हजारो मैल पायी फिरले. झेलम नदीकाठी थंडीपासून वाचायला दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि अंगावर वाळू ओढून रात्र काढली. साक्षीच्या पुस्तकात हा प्रसंग येतो तो कसलाही आधार न देता. त्या रात्री कोणी घोंगडी आणून दिली, असं त्या लिहीत नाहीत.

इथे हे पुस्तक त्याच्या जातीच्या इतर पुस्तकांहून वेगळं होतं. साक्ष नेहमी शेवटाकडून लिहिली जाते. ज्याला मिळालं तो साक्ष देतो, ज्याला मिळालं नाही तो लिहायला उरत नाही. रमाबाईंच्या साक्षीत मात्र न मिळालेले तिघे आहेत, आणि पुस्तकातली सर्वांत मायेची पानं त्यांचीच आहेत. त्यांच्या मृत्यूचा अर्थ लावताना रमाबाई खोट्या शिकवणीकडे बोट दाखवतात. मला हे उत्तर अपुरं वाटतं. त्याच दुष्काळात वेगवेगळ्या देवांना भजणारी माणसं मेली, आणि धान्य, भाव, सरकारी मदत यांचेही प्रश्न होते. पण उत्तर अपुरं असलं तरी प्रश्न त्यांनी पुस्तकाबाहेर टाकलेला नाही. वाचकाला तो दिसत राहतो.

मग ख्रिस्ती झाल्यावर काय बदललं? १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या भगिनींच्या आश्रयावर त्या राहत होत्या. राहणं, जेवण, मुलीचं संगोपन, सगळं त्यांच्या हातून. आणि तरी भगिनी जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून वाद चालू राहिला. शाकाहारावरून, सिद्धांतांवरून, आज्ञापालनाच्या कल्पनेवरून. ही पत्रं १९७७ मध्ये ए. बी. शहा यांनी संपादित केलेल्या संग्रहात आली. जेराल्डिनना हा गर्व वाटे. मला त्यात घेण्याचं एक शिक्षण दिसतं. ज्याच्या घरचं अन्न खातो त्याच्याशी असहमत राहता येतं, हे तोवर आपल्याकडच्या किती बायकांनी कागदावर करून दाखवलं होतं?

पुढचा धडा महागात पडला. बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशननं दहा वर्षं पैसा देण्याचं ठरवलं आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, मग ते पुण्याला गेलं. अट होती धर्माबाबत तटस्थतेची. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून १८९३ मध्ये पुण्यात गदारोळ झाला आणि रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. हाताबरोबर अट येते, हे रमाबाईंनी तेव्हा पाहिलं. म्हणून अमेरिकन मदतीची मुदत संपण्याआधी त्यांनी केडगावला जमीन घेतली आणि फळबागेचा बेत केला, म्हणजे उत्पन्न जमिनीतून यावं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो उपाशी मुली आणल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, तेव्हा त्या बागेच्या जमिनीवरच मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या सुमारास तिथे दीड हजारांच्या आसपास माणसं होती.

मुक्तीत विहिरी खणल्या, माग बसवले, तेलघाणा, गोठा, छापखाना चालवला. मुली काम शिकल्या. ज्या घरात हातकाम येत नसल्यानं माणसं मेली, त्या घरातून वाचलेल्या मुलीनं उभारलेली ही जागा आहे, हे लक्षात ठेवून ही यादी वाचा. इथे प्रार्थना वडिलांइतकीच तीव्र आहे आणि आपलं सगळं देऊन टाकणंही तसंच आहे. बदलला आहे तो हात. तो आता पोथीबरोबर फावडंही धरतो, परदेशी मनिऑर्डरही घेतो, आणि कोणत्याही जातीच्या मुलीनं रांधलेलं खातो.

माझी तक्रार एकच आहे. या साक्षीत रमाबाई घेणाऱ्या आहेत, पण मुक्तीतल्या मुलींसाठी त्या देणाऱ्या आहेत. त्या मुलींना कोणाच्या हातून घेतल्यासारखं वाटलं? त्या मिंध्या झाल्या का? वाँटेजला रमाबाईंनी जसा वाद घातला तसा मुक्तीत त्यांच्याशी कुणी घालू शकलं का? पुस्तक हे विचारत नाही.

स्वयंपाकघरातून

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत आलं, शेवटचा भाग लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर. रमाबाईंच्या साक्षीनंतर हे पुस्तक हातात घेतलं की पहिल्यांदा हसू येतं. देवावर भरवसा ठेवणाऱ्या नवऱ्याबरोबर संसार करताना काय होतं, याचं इतकं खोडकर आणि इतकं दुखरं वर्णन मराठीत दुसरं नाही.

नारायण वामन टिळक कवी, उदार, लहरी. हातात पैसा आला की तो समोरच्या गरजूला जातो. घरात कोण राहायला येईल सांगता येत नाही. ते उद्याची चिंता करत नाहीत, आणि येशूनं डोंगरावरच्या प्रवचनात पाखरांचा दाखला देऊन हेच सांगितलं होतं. पण पाखरांच्या घरी पाहुणे येत नाहीत. लक्ष्मीबाईंकडे येतात. टिळकांच्या भरवशाचा दुसरा अर्धा भाग लक्ष्मीबाईंच्या डब्यांत, उधारीत, काटकसरीत आणि रागात असतो. साक्षीच्या पुस्तकात ‘गरज होती, प्रार्थना केली, मिळालं’ अशी तीन वाक्यं असतात. लक्ष्मीबाई दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्याच्या मधली दुपार लिहितात.

त्या ही दुपार कडवटपणे लिहीत नाहीत, आणि इथेच आजच्या वाचकाची पंचाईत होते. आपल्याला लगेच निकाल द्यायचा असतो: भाबडा नवरा, सोसणारी बायको. पुस्तक तसा निकाल देत नाही. लक्ष्मीबाई टिळकांवर चिडतात, त्यांची फजिती सांगतात, आणि त्यांच्यातल्या मोठेपणालाही ओळखतात. श्रद्धेची किंमत कोणी भरली हे त्या दाखवतात, पण म्हणून श्रद्धा खोटी होती असं म्हणत नाहीत. हे दोन्ही एका वेळी धरून ठेवणं मला रमाबाईंच्या ठाम सुरापेक्षा अवघड वाटतं.

हाताचा प्रश्न इथेही आहे. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाई पाचेक वर्षं वेगळ्या, नातेवाइकांच्या आधारानं राहिल्या. आश्रिताची भाकर काय असते ते या भागात कळतं. पुन्हा टिळकांकडे आल्यावरही शिवाशीव सुटत नव्हती. मग एकदा प्रवासात, वाटेत बसलेल्या असताना, जात देवानं केलेली नाही, माणसानं केली आहे असं त्यांना एकदम उमगतं, आणि त्या क्षणापासून कोणाच्याही हातचं खायला त्या मोकळ्या होतात. माझ्या मते पुरवठ्याविषयीचं या पुस्तकातलं मुख्य पान हेच आहे, जरी त्यात कुठे काही मिळाल्याची गोष्ट नसली. देवानं किती दिलं यानं इथे फरक पडत नाही. घेता येण्याजोगे हात एकाएकी वाढले, एवढंच होतं.

टिळकांनाही मिंधेपणा बोचत होता, वेगळ्या बाजूनं. परदेशी मिशनच्या पगारावर देशी ख्रिस्ती समाजानं जगावं हे त्यांना पटेना. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला, बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठीही उघडा. तत्त्व म्हणून हे फार मोलाचं. घर म्हणून पाहिलं तर येता पगार थांबला. लक्ष्मीबाईंच्या कथनात या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत, आणि कोणतीही एक दुसरीला खोडत नाही.

जे लिहिलं गेलं नाही

या दोन्ही पुस्तकांवर माझं प्रेम आहे. पण दोन्ही लेखिका ब्राह्मण घरातून आलेल्या होत्या. त्यांच्यासाठी दुसऱ्याच्या हातचं घेणं म्हणजे एक बंध तुटणं होतं. नगर भागात १८३१ पासून काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनकडे वळलेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजाचे होते. त्यांना दुसऱ्याच्या हातचं घेण्याची सवय लावावी लागली नाही, गावानं ती पिढ्यान्‌पिढ्या लादली होती. येसकराची पाळी आली की घरोघर जाऊन भाकर मागायची, ती वरून टाकली जायची, आणि त्याच्या बदल्यात गाव म्हणेल ते काम. दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) नं हे जग मराठी वाचकापुढे ठेवलं. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात बदल करण्यासाठी विधेयक आणलं ते याच भाकरीतला मिंधेपणा तोडायला.

आता प्रभूची प्रार्थना ऐका. मराठी बायबलनं तिथे ‘भाकर’ हाच शब्द वापरला. मागण्यासाठी आयुष्य गेलेल्या माणसाला पहिल्यांदा असं शिकवलं जातं की भाकर पाटलाच्या दारात मागायची नाही, देवाकडे मागायची, आणि ताठ मानेनं, ‘बापा’ म्हणून. वाड्यावरून टाकलेल्या तुकड्यात आणि या भाकरीत काय फरक वाटला असेल, हे सांगणारं पुस्तक रमाबाई किंवा लक्ष्मीबाईंना लिहिता आलं नसतं. ज्यांना लिहिता आलं असतं त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या हाती तेव्हा लेखणी होती. मिशनच्या हाताखाली नवा मिंधेपणा आला का, हेही त्यांनीच सांगायला हवं होतं. माझी पणजी त्यांतली एक. तिच्याविषयी घरात जे मौन आहे, त्यात लाज जितकी आहे तितकीच ही न लिहिली गेलेली साक्ष आहे असं मला आता वाटतं. ‘पोटासाठी’ हा शब्द शिवी म्हणून फेकणाऱ्याला हे माहीत नसतं की ज्या प्रार्थनेवर हा धर्म उभा आहे तिच्यातही पोट आहे.

पुन्हा फोनकडे

एवढं वाचून ते व्हिडिओ परत लावले तर काय खटकतं ते नेमकं सांगता येतं. ‘दुप्पट मिळेल’ या भाषेत मडकं भरलेलं हवं, मूठभर पीठ चालत नाही. त्यात वाट पाहण्याची दुपार नसते. ज्यांना मिळालं नाही ते नसतात, किंवा असले तर त्यांचा विश्वास कमी पडला असं सांगितलं जातं. रमाबाईंनी आपल्या वडिलांबद्दल, त्यांची शिकवण चुकीची मानूनही, त्यांचा विश्वास कमी होता असं कधी म्हटलं नाही. आणि त्या व्हिडिओंत हात नसतो. पैसा आकाशातून खात्यात उतरतो. प्रत्यक्षात तो उतरतो तेव्हा एखाद्या मावशीनं सोनं गहाण ठेवलेलं असतं, मंडळीतल्या कुणीतरी न सांगता पाकीट दिलेलं असतं, किंवा शेजारच्या मुस्लिम घरातून डबा आलेला असतो. मी असे डबे खाल्ले आहेत. त्यांच्याबद्दल साक्ष देताना ‘देवानं पुरवलं’ म्हणून डबा देणाऱ्या बाईंचं नाव गाळलं जातं, ते मला खटकतं. सारफथच्या विधवेचं नावही बायबल सांगत नाही. पण निदान तिचं गाव, तिचा मुलगा आणि तिच्या हातातल्या काटक्या तरी सांगतं.

दोन पुस्तकांपैकी आधी कोणतं वाचावं असं कोणी विचारलं तर मी ‘स्मृतिचित्रे’ सांगेन, कारण त्यात आपलं घर लवकर ओळखू येतं. साक्ष त्यानंतर वाचा, सावकाश, आणि झेलमच्या वाळूपाशी थांबा. नोकरी नसताना, हप्ता थकलेला असताना ही पुस्तकं हातात पैसा ठेवणार नाहीत. पण आलेली मदत घेताना मान खाली घालायची गरज नाही आणि देणाऱ्याशी सहमत व्हायचीही सक्ती नाही, इतकं त्यांतून कळतं. आणि प्रभूच्या प्रार्थनेतली भाकर अनेकवचनात मागितली आहे, ती एकट्या कुणाची नाही, हेही. ती मागणाऱ्यांत जी रांधते तीही आहे, जी डबा पाठवते तीही, आणि जिच्यापर्यंत अजून काही पोहोचलेलं नाही तीसुद्धा.